फोंडा ते म्हापसा: वृद्धाश्रम भेटीची राईड, २० बाईक

प्रश्न: रविवारी निघायचं आहे. आजी-आजोबांना त्रास न होता भेट कशी आखावी? काय न्यावं?

उत्तर १: आधी व्यवस्थापकांना फोन करून यादी मागा. बहुतेक ठिकाणी प्रौढांचे डायपर (माप विचारूनच), अंडरपॅड (गादी ओली होऊ नये म्हणून अंथरायचे), फिनेल, हातमोजे कमी पडतात. मिठाई, फरसाण नको. मधुमेह, रक्तदाबवाले बरेच असतात. मऊ केळी चालतील, पण तीही विचारूनच, काहींना गिळायला त्रास होतो. वेळ दहा ते साडेअकरा. जेवण आणि दुपारची झोप मोडू नका, कृपया.

उत्तर २: पणजीला अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, जुन्या मांडवी पुलावरूनच जा. पाच-पाचचे चार गट करा, पुढच्याशी दोन सेकंदांचं अंतर. एकच लांब रांग सिग्नलला तुटते आणि मागचे वेग वाढवतात, अपघात तिथेच होतात. डायपरचे गठ्ठे बाईकवर बांधू नका, वाऱ्याने हलतात. सामानासाठी एक चारचाकी सोबत ठेवा.

उत्तर ३: फाटकाच्या शंभर मीटर आधी इंजिन बंद. मोठ्या सायलेन्सरच्या आवाजाने स्मृतिभ्रंशाचे रुग्ण बिथरतात. खोकला-सर्दी असलेल्यांनी येऊच नये. फोटो परवानगीशिवाय नको. खुर्ची ओढून शेजारी बसा, उभ्याने बोललं की त्यांना मान वर करावी लागते.