वॉरंटाशिवाय अटक आणि ‘प्रोबेबल कॉज’: अटकेच्या क्षणी पोलिसाला किती माहीत असावे लागते?

प्रश्न – विधिजिज्ञासू
नमस्कार. तौलनिक संविधानाच्या अभ्यासात सध्या अमेरिकेची चौथी घटनादुरुस्ती वाचत आहे. १७९१ पासून लागू असलेल्या या दुरुस्तीत वॉरंट काढायचे तर शपथेवर मांडलेले ‘प्रोबेबल कॉज’, म्हणजे गुन्हा घडला असावा असे वाजवीपणे वाटावे इतके सबळ कारण, हवे असे म्हटले आहे. वॉरंटाशिवाय अटकेबद्दल मात्र त्यात स्पष्ट काहीच नाही, तरी न्यायालये तेच माप लावून अशी अटक वैध धरतात. न्यायाधीश समोर नसताना कारण सबळ आहे की नाही हे पोलिसानेच ठरवायचे, तर साध्या संशयापेक्षा ते वेगळे कसे? आणि झडतीत खरोखर काही सापडले, तर कारण सबळ होते हे आपोआप सिद्ध होत नाही का?

उत्तर – साक्षीपुरावा
आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. झडतीत काय सापडले याला येथे काहीही किंमत नाही. अटकेच्या क्षणी अधिकाऱ्याला काय ठाऊक होते एवढेच न्यायालय पाहते. १९६४ च्या बेक विरुद्ध ओहायो खटल्यात क्लीव्हलंडच्या पोलिसांनी एका मोटारचालकाला पकडले आणि त्याच्या मोज्यात बेकायदा जुगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या. पण पोलिसांना त्याचा चेहरा आणि पूर्वीचे गुन्हे ठाऊक होते, ‘माहिती मिळाली होती’, यापलीकडे ती माहिती कोणी दिली आणि नेमकी काय होती हे नोंदीत कुठेच आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली.

याच्या शेजारी १९५९ चा ड्रेपर खटला ठेवून पाहा. सहा महिने विश्वासार्ह ठरलेल्या एका खबऱ्याने सांगितले होते की ड्रेपर शिकागोहून हेरॉइन घेऊन ८ किंवा ९ सप्टेंबर १९५६ रोजी सकाळच्या गाडीने डेन्व्हरला उतरेल. त्याचा बांधा, अंगावरचे कपडे, हातातली पिवळट तपकिरी बॅग, इतकेच काय, तो झपाझप चालतो हेसुद्धा सांगितले होते. ९ तारखेला तसाच माणूस तशीच बॅग घेऊन गाडीतून उतरला. हेरॉइन सोडून बाकी सारे अटकेपूर्वीच पडताळले गेले होते, म्हणून अटक वैध ठरली. संशयाहून वेगळे काय, याचे उत्तर मला या फरकात दिसते: दुसऱ्यापुढे मांडता येईल आणि तपासता येईल असा तपशील. निव्वळ वाजवी संशयावर पोलीस माणसाला थोडा वेळ थांबवून विचारपूस करू शकतात, हे १९६८ च्या टेरी खटल्याने मान्य केले. अटकेला तेवढे पुरत नाही.

उत्तर – अपीलकर्ता
वरील मांडणी अचूक आहे, परंतु ड्रेपरचा निकाल मला कधीच पटलेला नाही. पडताळलेली प्रत्येक गोष्ट निरुपद्रवी होती. गाडीतून उतरणे, कोट घालणे आणि भरभर चालणे हा गुन्हा नव्हे, आणि हेरॉइनची बातमी खबऱ्याला कशी कळली हे अधिकाऱ्यालाही ठाऊक नव्हते. न्यायमूर्ती डग्लस यांनी एकट्याने असहमती नोंदवली, आणि मला त्यांचीच बाजू बरोबर वाटते. तरीही १९८३ च्या गेट्स निकालाने एकंदर परिस्थितीकडे पाहण्याची कसोटी स्वीकारताना ड्रेपरचाच आधार घेतला.

गुन्ह्याची शक्यता किती टक्के असावी, असा हिशेब मात्र येथे करू नये. न्यायालयाने तो करण्याचे टाळले आहे. २००३ च्या प्रिंगल खटल्यात मोटारीत तिघे होते, मागच्या सीटच्या हातटेकीमागे कोकेनच्या पाच पुड्या सापडल्या आणि कोणीच मालकी कबूल केली नाही. तिघांनाही अटक झाली आणि न्यायालयाने ती एकमताने ग्राह्य धरली. याउलट १९७९ च्या इबारा खटल्यात मद्यगृहाच्या झडतीचे वॉरंट असूनही तेथे बसलेल्या गिऱ्हाइकाची अंगझडती अवैध ठरली, कारण निव्वळ त्या ठिकाणी असणे पुरेसे नव्हते.

विधिजिज्ञासू
दोघांचे आभार. बेक आणि ड्रेपर शेजारी ठेवल्यावर पुष्कळ उलगडा झाला. मग पोलिसाचा निर्णय तटस्थ व्यक्ती प्रथम केव्हा तपासते? खटला उभा राहीपर्यंत माणूस कोठडीतच राहतो का?

उत्तर – साक्षीपुरावा
नाही. वॉरंटाशिवाय पकडलेल्याला कोठडीत ठेवायचे असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याने सबळ कारण आहे की नाही हे तत्परतेने तपासले पाहिजे, असे १९७५ च्या गर्स्टीन निकालाने ठरवले. ‘तत्परतेने’ म्हणजे किती, हे १९९१ च्या रिव्हरसाइड खटल्यात ठरले: सर्वसाधारणपणे ४८ तासांत, आणि शनिवार-रविवार आला ही सबब चालत नाही. न्यायमूर्ती स्कालिया यांच्या मते २४ तासही पुरेसे होते, आणि कोठडीत बसलेल्या निरपराध माणसाचा विचार केला तर मला तीच मर्यादा रास्त वाटते.

घराची गोष्ट आणखी वेगळी आहे. सबळ कारण असले तरी, निकड नसताना किंवा घरच्यांची संमती नसताना, नेहमीच्या अटकेसाठी संशयिताच्या घरात वॉरंटाशिवाय शिरता येत नाही, असे १९८० च्या पेटन निकालाने सांगितले. अटक अवैध ठरली म्हणून खटला मात्र आपोआप रद्द होत नाही. त्या अटकेतून हाती आलेला पुरावा सहसा वगळला जातो, आणि बेकसारख्या प्रकरणात त्या पुराव्यावाचून सरकारी पक्षाकडे काही उरतच नाही.