मॉनिटरवर रंग बरोबर आणले की डोळे दुखतात – मदत हवी आहे

नमस्कार. मी ठाण्यात, नौपाड्यात राहते आणि घरूनच पुस्तकांची मुखपृष्ठे व लग्नपत्रिका यांची मांडणी करते. दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपच्या जोडीला २७ इंची मॉनिटर घेतला, तेव्हापासून मी पेचात आहे.

लॅपटॉपवर झेंडूचा जो केशरी रंग फिका, पिवळसर दिसतो, तोच नव्या मॉनिटरवर जवळजवळ शेंदरी दिसतो. लॅपटॉपचा पडदा एसआरजीबीतील (पडद्यांसाठीच्या प्रमाणित रंगसंचातील) सगळे रंग दाखवू शकत नाही आणि मॉनिटर त्याहूनही अधिक गडद रंग दाखवतो, एवढे कारण मला समजले आहे. एचडीएमआय केबलवरून जाणाऱ्या रंगांची रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ केल्यावर राखाडी वाटणारा काळा रंग सुधारला आणि मॉनिटर एसआरजीबी मोडवर नेल्यावर केशरीही ताळ्यावर आला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. या मोडमध्ये ब्राइटनेस कमी पातळीवर कुलूपबंद होतो, आणि त्यावर तीन-चार तास काम केले की डोळे चुरचुरतात व भुवयांच्या वर ठणका लागतो. नेत्रतज्ज्ञांनी तपासून चष्म्याचा नंबर बदललेला नसल्याचे सांगितले आणि थोड्या कोरडेपणासाठी थेंब दिले. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहण्याचा नियम मी पाळते. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उगवलेला पिंपळ त्यासाठी सोयीचा आहे. तरीही तेवढाच वेळ लॅपटॉपवर काम केले तर हा त्रास होत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणून अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या पडद्यासमोर पेन्सिल वेगाने हलवून पाहिली. एसआरजीबी मोडमध्ये तिच्या सुट्या सुट्या अनेक सावल्या दिसतात, तर साध्या मोडमध्ये ब्राइटनेस पूर्ण ठेवल्यास सलग धूसर पट्टा दिसतो. म्हणजे उजेड कमी करण्यासाठी हा मॉनिटर दिवा वेगाने चालू-बंद करत असावा (पीडब्ल्यूएम), असा माझा तर्क आहे.

साध्या मोडमध्ये ब्राइटनेस वर ठेवून कॅलिब्रेटरने (पडद्याचे रंग मोजणाऱ्या उपकरणाने) प्रोफाइल, म्हणजे रंग दुरुस्त करणारी फाइल, तयार केले, तर रंग आणि डोळे दोन्ही सांभाळता येतील का? उजेड ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमधून उतरवला, तर रंगांच्या छटा कमी होऊन ग्रेडियंटमध्ये (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणाऱ्या छटांमध्ये) पट्टे दिसतील, अशी भीती वाटते. नाइट लाइट (पडद्याचा निळा उजेड कमी करणारी सोय) माझ्या कामात चालत नाही, कारण पांढरा कागदच पिवळा दिसू लागतो. ठाणे किंवा नवी मुंबईत कॅलिब्रेटर दोन दिवसांसाठी भाड्याने मिळत असल्यास कृपया तेही कळवावे.