शब्दचर्चा : 'पात्र', 'व्यक्तिरेखा' आणि 'भूमिका', खेळातील चित्रांच्या संदर्भात

प्रश्न

एका जुन्या अद्भुतरम्य खेळाच्या जगावर आधारलेला नवा भूमिकाप्रधान खेळ (आरपीजी, म्हणजे ज्यात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेत वावरतो असा संगणकीय खेळ) आम्ही काही चाहते मिळून तयार करत आहोत. कथा लिहून झाली आहे. आता चित्रकारांसाठी मराठीत एक टिपण करायचे आहे, ज्यात प्रत्येक पात्र कसे दिसावे, त्याचा पोशाख, शस्त्रे आणि रंग कोणते असावेत, हे सविस्तर यावे. इंग्रजीत या कामाला 'कॅरेक्टर डिझाइन' म्हणतात, पण टिपणाच्या मथळ्यावरच आमच्यात एकमत होत नाही. एकाने 'पात्रयोजना' लिहिले आहे, दुसऱ्याने 'व्यक्तिचित्रण', आणि तिसऱ्याचा आग्रह 'पात्ररचना' या शब्दासाठी आहे. यांपैकी कोणता स्वीकारावा? शिवाय 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा' हे शब्द टिपणात सरमिसळ आले आहेत. ते एकाच अर्थाचे मानावेत का? आणि 'फॅन-मेड'साठी 'हौशी' चालेल का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

'पात्रयोजना' हा शब्द रंगभूमीने केव्हाच आपला करून घेतला आहे. कोणती भूमिका कोणत्या नटाकडे सोपवायची हे ठरवणे म्हणजे पात्रयोजना, त्यामुळे हा मथळा वाचणारा खाली आवाज देणाऱ्या कलाकारांची यादी शोधेल. 'व्यक्तिचित्रण' साहित्यात शब्दांतून माणूस उभा करण्यासाठी वापरतात आणि चित्रकलेत समोर बसलेल्या माणसाचे साम्य कागदावर उतरवण्यासाठी. आपल्या चित्रकारासमोर मात्र कोणीच बसलेले नाही, त्याला तो माणूस प्रथम कल्पावा लागणार आहे. 'पात्ररचना' चूक नव्हे, पण त्यात कथालेखकाचे काम कुठे संपते आणि चित्रकाराचे कुठे सुरू होते, हे कळत नाही. मी 'पात्रसंकल्पन' सुचवेन आणि त्यातून तयार होणाऱ्या चित्राला 'संकल्पचित्र' म्हणेन. अजून उभ्या न राहिलेल्या वास्तूंच्या चित्रांखाली हा शब्द वर्तमानपत्रांत नेहमी दिसतो, त्यामुळे तो वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा' एरवी एकमेकांच्या जागी खुशाल वापरले जातात आणि कथेच्या परीक्षणात त्याने काही बिघडत नाही, परंतु भूमिकाप्रधान खेळाच्या टिपणात त्यांतला भेद काटेकोरपणे पाळावा, असे माझे ठाम मत आहे. ज्याला स्वतःचा भूतकाळ, स्वभाव आणि मते आहेत, आणि जो खेळाडूने काहीही केले तरी आपल्या स्वभावानुसारच वागणार आहे, तो दगाबाज सेनापती किंवा ती अबोल वैद्या, या व्यक्तिरेखा होत. ज्याला खेळाडू स्वतः चालवतो, ज्याचे निर्णय आणि पुष्कळदा नावही खेळाडूच ठरवतो, त्याला 'पात्र' म्हणावे. या शब्दाचा 'भांडे' हा दुसरा अर्थ इथे चांगलाच कामी येतो, कारण आत काय भरायचे हे खेळाडूच्या हाती असते. तिसरा शब्द 'भूमिका'. योद्धा, मांत्रिक, धनुर्धर, वैद्य या भूमिका आहेत, म्हणजे त्या चमूत कोणी कोणते काम करायचे याची वाटणी आहे. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाप्रधान खेळाच्या पहिल्या आवृत्तीत लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू एवढ्या तीनच भूमिका होत्या, त्यामुळे त्यांची सरमिसळ होण्याचा फारसा प्रश्न नव्हता. आज एकेका खेळात डझनभर भूमिका असतात आणि त्या एका दृष्टिक्षेपात ओळखू येणे ही चित्रकाराची पहिली जबाबदारी ठरते.

हा भेद मान्य केला की चित्रकाराला द्यायच्या सूचना आपोआप वेगळ्या होतात. भूमिका पोशाखावरून, शस्त्रावरून आणि बाह्याकृतीवरून कळली पाहिजे: संपूर्ण आकृती काळ्या रंगाने भरली तरी हा ढाल घेतलेला योद्धा आणि ही काठीला टेकलेली वैद्या, हे समजले पाहिजे. व्यक्तिरेखा चेहरेपट्टीवरून, अंगकाठीवरून आणि ढबीवरून कळते. खेळाडूच्या पात्राचा चेहरा मात्र बराचसा मोकळा ठेवावा, त्यावर ठळक राग, उपहास किंवा विषाद रंगवू नये, नाहीतर खेळाडूने उदारपणाचा निर्णय घेतला तरी पडद्यावरचा नायक तुच्छतेनेच पाहत राहील.

अशा वर्णनासाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नाही. शरीराचा बांधा, चेहऱ्याची ठेवण, उभे राहण्याची ढब, बोलताना हात हलवण्याची लकब, आणि लढायला सज्ज झालेल्या देहाचा पवित्रा, हे पाच शब्द पाच निरनिराळ्या गोष्टी सांगतात. 'पोझ' असे लिहून थांबण्याऐवजी 'पवित्रा : डावा पाय पुढे, भार मागच्या पायावर, ढाल हनुवटीपर्यंत' असे लिहिले तर चित्रकाराला दुसरा प्रश्न विचारावा लागणार नाही. शस्त्रे आणि चिलखताबाबत एक सावधगिरी बाळगावी. 'जिरेटोप' लिहिले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर एका विशिष्ट काळाचे चित्र उभे राहते, तेव्हा काल्पनिक जगासाठी 'शिरस्त्राण' हा तटस्थ शब्द बरा. 'जादूगार' रंगमंचावर हातचलाखीचे प्रयोग करणाऱ्याची आठवण करून देतो. मंत्रांनी शक्ती चालवणाऱ्यासाठी 'मांत्रिक' अधिक जवळचा आहे, मात्र त्यासोबत भूतबाधा उतरवणाऱ्याची प्रतिमा येते आणि ती नको असल्यास पोशाखाचे वर्णन अधिक बारकाईने करावे लागेल.

पोशाख आणि साहित्याच्या वर्गवारीसाठी भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' या प्राचीन ग्रंथाकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवतो. तिथे अभिनयाच्या आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चार प्रकारांपैकी आहार्यात बाह्य रूप येते, आणि त्याचे पुन्हा चार भाग केले आहेत: पुस्त म्हणजे कृत्रिमरीत्या घडवलेल्या वस्तू, अलंकार म्हणजे वस्त्रे, माळा आणि दागिने, अंगरचना म्हणजे अंगाला व चेहऱ्याला दिलेले रंग, आणि संजीव म्हणजे रंगमंचावर येणारे प्राणी. मांत्रिकाची काठी पुस्तात, त्याचा झगा अलंकारात, कपाळावरची निळी खूण अंगरचनेत आणि खांद्यावरचे घुबड संजीवात, अशी त्याच्या रूपाची नीट विभागणी होते आणि टिपणात काहीही सुटत नाही. याच ग्रंथात रसांना रंगही नेमून दिले आहेत: रौद्राला लाल, करुणाला कबुतरासारखा करडा, अद्भुताला पिवळा, भयानकाला काळा. ते जसेच्या तसे घ्यावेत असे नव्हे, पण प्रत्येक व्यक्तिरेखेचा एक प्रधान रंग ठरवताना हा विचार मार्गदर्शक ठरेल.

'हौशी'बद्दल थोडक्यात. हौशी म्हणजे उपजीविकेसाठी नव्हे, तर आवडीने करणारा, मग त्याचे जग पूर्णपणे स्वतःचे असले तरीही. आपला खेळ दुसऱ्याच्या जगावर उभा आहे, म्हणून 'चाहत्यांनी केलेला' असेच लिहावे. त्यात मूळ निर्मात्यांशी असलेले नाते कबूल होते आणि मूळ चित्रे गिरवून वापरायची नाहीत, प्रत्येक आकृती नव्याने काढायची आहे, याचीही चित्रकाराला आठवण राहते.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

मनःपूर्वक आभार. पात्र, व्यक्तिरेखा आणि भूमिका यांची विभागणी आम्ही तशीच स्वीकारत आहोत. आता एकच शंका उरते. आमचा खेळ 'आरपीजी मेकर एमव्ही' या खेळ तयार करण्याच्या 2015 सालच्या संगणकीय साधनात होणार आहे. त्यात संवादाच्या चौकटीत दिसणारा चेहरा आणि नकाशावर चालणारी लहान आकृती, ही दोन्ही चित्रे लागतात. आमच्यातील एकाने चेहऱ्यांच्या संचाला 'चेहरेपट्टी' आणि चालत्या आकृतीला 'चलचित्र' म्हटले आहे. हे योग्य आहे का?

प्रतिसाद

दोन्ही शब्द ऐकायला गोड आहेत, पण दोन्ही आधीच वापरात आहेत. चेहरेपट्टी म्हणजे चेहऱ्याची ठेवण आणि चलचित्र म्हणजे चित्रपट. संवादातल्या चित्राला सरळ 'चेहरा' म्हणावे आणि आठ चेहरे एकत्र असलेल्या फायलीला 'चेहऱ्यांचा तक्ता'. लहान आकृतीसाठी 'स्प्राइट' हाच शब्द ठेवावा, कारण या कामातली सगळी माणसे तोच बोलतात आणि त्याला प्रतिशब्द घडवण्याची गरज मला वाटत नाही. क्रियापदे मात्र मराठी ठेवावीत: स्प्राइट काढणे, रंग भरणे, बाह्यरेषा उजळ करणे.

संकल्पचित्र आणि स्प्राइट या दोन वेगळ्या कला आहेत, हे टिपणात स्पष्ट असावे. 1987 सालच्या पहिल्या 'फायनल फँटसी' या भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळात योशिताका अमानो यांची प्रवाही रेषांची चित्रे एकीकडे होती आणि काझुको शिबुया यांनी पिक्सेलांतून घडवलेल्या आकृती दुसरीकडे. नकाशावरची आकृती 16 गुणिले 16 पिक्सेलांत बसवायची होती आणि तो खेळ ज्या यंत्रावर चाले त्यावर स्प्राइटच्या एका रंगसंचात पारदर्शक जागा सोडून तीनच रंग मिळत. एवढ्या जागेत झालर, नक्षी आणि डोळ्यांतली चमक राहत नाही. राहतो तो पवित्रा, डोक्याचा आकार आणि प्रधान रंग.

आपल्या साधनात चेहरा 144 गुणिले 144 पिक्सेलांचा असतो आणि नकाशाची एक फरशी (टाइल, म्हणजे ज्या चौकोनांनी नकाशा जुळवतात त्यांतला एक) 48 गुणिले 48 पिक्सेलांची. प्रत्येक स्प्राइटसाठी तीन स्तंभ आणि चार ओळी, म्हणजे बारा चौकटी लागतात, आणि ओळींचा क्रम खाली, डावीकडे, उजवीकडे, वर पाहणारी आकृती असा असतो. डावीकडे पाहणारी ओळ आडवी उलटवून उजवीकडची तयार करण्याचा मोह अनेकांना होतो. समजा, धनुर्धर स्त्रीचा भाता उजव्या खांद्यावर आहे. ओळ उलटवली की ती डावीकडे चालताना भाता एका खांद्यावर आणि उजवीकडे वळताच दुसऱ्या खांद्यावर दिसेल, आणि पाठमोऱ्या आकृतीशी त्यातला एकच मेळ खाईल. म्हणून तिची नोंद मी अशी करेन: 'भूमिका : धनुर्धर. व्यक्तिरेखा : सडपातळ बांधा, मान किंचित पुढे, नजर खाली. पुस्त : लांब धनुष्य; भाता उजव्या खांद्यावर, तोंड डोक्याच्या वर दिसेल इतके उंच. प्रधान रंग : करडा. डावी आणि उजवी ओळ स्वतंत्र काढावी, उलटवू नये.'