मदत हवी आहे : पॉट्सव्हिल मरून्स, हंगाम १९२५ – विजेता कोण लिहू?

नमस्कार मंडळी,

अमेरिकन फुटबॉलच्या सुरुवातीच्या काळावर मराठीत लेखमाला लिहायला घेतली आहे. त्यातला एक अख्खा भाग पॉट्सव्हिल मरून्सच्या १९२५ च्या हंगामावर आहे आणि गाडी तिथेच अडली आहे. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, दप्तरी त्या वर्षीचा विजेता शिकागो कार्डिनल्स. मला हा निकाल पटत नाही. का पटत नाही, हे कुठल्याही बाजूवर अन्याय न करता कसं मांडावं यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीचं. पॉट्सव्हिल हे पेनसिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातलं छोटं शहर. संघाचे मालक डॉ. जॉन स्ट्रीगल पेशाने सर्जन, प्रशिक्षक डिक राउच. १९२५ मध्ये संघ पहिल्यांदाच एनएफएलमध्ये उतरला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला तिथल्या अँथ्रासाइट खाणींत मोठा संप सुरू झाला, तो थेट फेब्रुवारी १९२६ मध्ये मिटला. म्हणजे हंगामभर खाणी बंद, घरात पगार नाही, आणि रविवार आला की माणसं मायनर्सव्हिल पार्कवर मरून्सला बघायला जात होती. संघातला टोनी लाटोन स्वतः पोरवयात, वडील गेल्यावर, खाणीत कामाला लागलेला. त्याला अंगावर घेऊन पाडणं भल्याभल्यांना जड जायचं. चार्ली बेरी त्या वर्षी ७४ गुणांसह लीगमध्ये पहिला आला. (हाच बेरी बेसबॉलमध्ये कॅचर होता आणि पुढे दोन्ही खेळांत पंच झाला. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहायचं आहे.)

हंगामातले १२ सामने, १० विजय, २ पराभव. एकूण २७० गुण केले, ४५ दिले. ७ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गुण मिळू दिला नाही. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सनी नोव्हेंबरच्या मध्यावर त्यांना २०-० हरवलं, तर पंधरा दिवसांनी मरून्सनी त्याच संघाला ४९-० असं लोळवलं. मग ६ डिसेंबरला शिकागोत, कोमिस्की पार्कवर, बर्फात कार्डिनल्सशी गाठ पडली. तिथे मरून्स २१-७ जिंकले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ समोरासमोर आले आणि निकाल लागला, असं त्या दिवशी कुणीही म्हटलं असतं.

पण तेव्हा अंतिम सामना ही पद्धतच नव्हती. विजेता ठरायचा विजयाच्या टक्केवारीवर, आणि बरोबरीचे सामने हिशेबात धरत नसत. त्या पराभवानंतर कार्डिनल्सचे ९ विजय, २ पराभव, म्हणजे ८१.८ टक्के. मरून्सचे ८३.३. कार्डिनल्सचे मालक ख्रिस ओब्रायन यांनी मग घाईघाईने आणखी दोन सामने ठरवले, तेही हंगाम गुंडाळून बसलेल्या संघांशी. १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सना ५९-० हरवलं, १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजना १३-०. मिलवॉकीकडे माणसं पुरेनात म्हणून शिकागोच्या एंगलवूड हायस्कूलची चार पोरं खोट्या नावांनी मैदानात उतरवली गेली. ती जुळवाजुळव केली कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झ या खेळाडूने.

हिशेब करून बघा. मिलवॉकीनंतर कार्डिनल्सचे १० विजय, २ पराभव, म्हणजे मरून्सच्या अगदी बरोबरीत. हॅमंडनंतर ११-२, म्हणजे ८४.६ टक्के. दोन्ही सामने धरले तरच ते पुढे जातात. शाळकरी पोरांविरुद्धचा तो एक सामना वगळला तर दोघे पुन्हा एका पातळीवर येतात, आणि मग ६ डिसेंबरचा निकाल समोर असतोच.

इकडे मरून्सनी १२ डिसेंबरलाच फिलाडेल्फियात, शाइब पार्कवर, नोत्र दाम विद्यापीठाच्या माजी खेळाडूंच्या संघाशी सामना खेळला. त्यात ‘फोर हॉर्समेन’ म्हणून गाजलेली चौकडी होती. कॉलेजचा खेळ श्रेष्ठ आणि पैसे घेऊन खेळणारे दुय्यम, असं लोक सर्रास मानत होते तो हा काळ. मरून्स ९-७ जिंकले, शेवटी शेवटी बेरीने मारलेल्या फील्ड गोलवर (म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून धाडून मिळवलेल्या गुणांवर). पण फिलाडेल्फिया हे फ्रँकफर्डचं राखीव क्षेत्र, म्हणजे तिथे दुसऱ्या क्लबने येऊन खेळायचं नाही. त्यांनी तक्रार केली आणि लीगचे अध्यक्ष जो कार यांनी पॉट्सव्हिलला निलंबित केलं. लीगच्या कार्यालयाने फोनवर परवानगी दिली होती, असं क्लबचं म्हणणं.

माझे प्रश्न :

निलंबनाने संघाचे आधीचे सामने रद्द झाले नाहीत, लीगच्या तक्त्यात ते १०-२ असे आजही आहेत. मग विजेतेपदावरचा हक्क कुठल्या न्यायाने गेला? क्रीडा संघटनांच्या नियमावल्यांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांनी हे जरूर समजावून सांगावं.

दुसरं, पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या कुणाला तिथल्या ग्रंथालयात डिसेंबर १९२५ ची स्थानिक वर्तमानपत्रं बघता येतील का? शाइब पार्कवरचा सामना खेळू नका, हा कार यांचा इशारा कुठल्या तारखेला छापून आला, एवढंच हवं आहे.

प्रतिसाद १

मी फिलाडेल्फियाच्या बाहेर राहते. भूगोलाचं सांगते, लेखात उपयोगी पडेल. फ्रँकफर्ड हा फिलाडेल्फियाच्या ईशान्येचा भाग. पॉट्सव्हिल तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. त्या काळी फिलाडेल्फियात रविवारी सामने खेळायला कायद्याने बंदी होती, म्हणून फ्रँकफर्ड घरचे सामने शनिवारी खेळे. पॉट्सव्हिलमध्ये रविवारी सामने चालत. त्यामुळे बाहेरगावचा संघ शनिवारी इथे, रविवारी तिथे खेळून एका फेरीत दोन सामन्यांचे पैसे घेऊन जाई. दोन्ही क्लब एकमेकांच्या आधाराने चालत होते, म्हणून ही तक्रार इतकी लागली असणार. वर्तमानपत्रांचं काम माझ्याकडे द्या, ग्रंथालयात विचारते.

प्रतिसाद २

तुमची कळकळ समजते, पण कार यांची बाजूही नीट मांडा. लीग १९२० मध्ये सुरू झाली, कार १९२१ पासून अध्यक्ष. क्लब येत होते, बुडत होते, एकमेकांचे खेळाडू आणि प्रेक्षक पळवत होते. राखीव क्षेत्राचा नियमही पाळला नाही तर लीग म्हणून उरतं काय? आणि त्यांनी एकट्या पॉट्सव्हिलला धरलं असंही नाही. ओब्रायन यांना १,००० डॉलर दंड, मिलवॉकीच्या मालकाला संघ विकायचा आदेश, फोल्झवर आजन्म बंदी (ती पुढे उठली). तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते असं, की तेव्हा विजेतेपद आपोआप मिळत नसे, ते लीगच्या बैठकीत दिलं जाई. निलंबित क्लबला ते देणं शक्य नव्हतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, रविवारच्या बंदीचा मुद्दा लेखात नक्की घेतो, आणि वर्तमानपत्रांचं काम अंगावर घेतलंत त्याबद्दल विशेष आभार.

दादा, नियम हवा हे शंभर टक्के मान्य. दंड करा, निलंबित करा. पण मग एक गोष्ट उरते. मिलवॉकीच्या सामन्यासाठी सगळ्यांना शिक्षा झाली आणि तो ५९-० मात्र तक्त्यात तसाच राहिला. ज्या सामन्यापायी माणसावर आजन्म बंदी येते, त्याचा विजय मोजायचा कसा? आणि १९२६ मध्ये रेड ग्रेंज या गाजलेल्या खेळाडूच्या नव्या लीगची स्पर्धा उभी राहिल्यावर पॉट्सव्हिलला परत घेतलं गेलंच. स्वतः ओब्रायन यांनी ते विजेतेपद स्वीकारायला नकार दिला होता. पुढे चार्ल्स बिडविल यांनी क्लब विकत घेतल्यावर १९२५ चा मान कार्डिनल्सचा म्हणून सांगितला जाऊ लागला. २००३ मध्ये प्रकरण पुन्हा उघडायचं का यावर एनएफएलच्या संघमालकांनी मत दिलं, उघडू नये ३०, उघडावं २. बाजूने उभे राहिले ते पेनसिल्व्हेनियाचे दोघेच, पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स.

लेखातल्या तक्त्यात अधिकृत विजेता म्हणून कार्डिनल्सच लिहीन, कारण दप्तर तसं सांगतं. त्याच तक्त्यात ६, १० आणि १२ डिसेंबर या तीन तारखांनंतरची टक्केवारी एकाखाली एक देईन. बैठकीच्या मुद्द्यावर एकच विचारायचं राहिलं : निलंबित क्लबला मान देता येत नसेल तर ते वर्ष विजेत्याविना ठेवायला त्या नियमांत काही आडकाठी होती का? १९२५-२६ च्या बैठकांची इतिवृत्तं कुणी वाचली असतील तर कृपया इथेच लिहा, लेख तोवर थांबवून ठेवतो.