‘टॉर्क’ला ‘पीळ’ म्हणावं का?

प्रश्न : सोलापुरात टॉवेल कारखान्याच्या रंगाई खात्यासाठी देखभालीचा कागद मराठीत करतोय. स्टेनलेसच्या एम १० (१० मिमी जाडीच्या) बोल्टला मशीनवाल्यांनी ३० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे आवळताना लावायचा फिरवण्याचा जोर) दिलाय. टॉर्कला ‘पीळ’ लिहू का? ‘परिबल’ लिहिलं तर फिटर माझ्याच तोंडाकडे बघत बसेल.

– पीळ शब्द गोड आहे, पण सोलापुरात नको. इथं पीळ सुताचा. इंचाला किती वेढे, असा मोजायचा. ‘३० चा पीळ दे’ म्हटलं की फिटर नट ३० वेळा फिरवायचा! टॉर्कमध्ये फेरे नाहीत, जोर आणि पान्याची लांबी आहे. पाव मीटरचा पाना, टोकाला साधारण १२ किलोचा जोर, की झाले तुमचे ३०. शिवाय सुतात पीळ तसाच राहतो. बोल्टात राहतो तो ताण. आपण लावलेल्यातला नव्वदेक टक्के जोर घर्षणच खातं. म्हणून आटे कोरडे की वंगण लावलेले, हे आकड्याशेजारी लिहाच. कोरड्याचा आकडा वंगणावर वापरला तर ताण भलताच वाढतो.

– ‘आटे गेले’ आणि ‘नट धरला’ यांत गल्लत नको. आटे जातात ते झिजून किंवा जास्त आवळून. स्टेनलेसचा नट धरतो : घासून वरचा ऑक्साइडचा पापुद्रा निघतो आणि धातूला धातू चिकटतो. आमच्याकडे एकानं घाईत नट फिरवायची गन लावली. नट अर्ध्यात थांबला, ना पुढं ना मागं, हात लावला तर चटका. शेवटी ग्रायंडरनं कापला. आत आटे कुठले, नुसता चकचकीत लोळा.

– बोल्टच्या डोक्यावर ए२-७० (ही स्टेनलेसची प्रत) असेल तर ८.८ चा (साध्या पोलादी बोल्टच्या प्रतीचा) टॉर्कचा तक्ता लावू नका. ए२-७० ची नमनमर्यादा ४५० मेगापास्कल, ८.८ ची ६४०. (‘नमनमर्यादा’ही फिटरला सांगू नका, ‘यापुढं बोल्ट कायमचा लांबतो’ म्हणा.)

– क्रियापद ‘आवळा’च ठेवा. ‘घट्ट करा’ म्हटलं की माणूस पान्यात पाइप घालून लोंबकळतो.

प्रश्नकर्ता : असं लिहिलं, ‘नट धरू नये म्हणून आट्यांना अँटीसीझ वंगण लावून, हातपान्यानं सावकाश, ३० न्यूटन मीटर टॉर्कला आवळा.’ फिटरला वाचून दाखवलं. म्हणाला, “टॉर्कच ठेवा की ओ, पान्यावर तेच लिहिलंय. ते अँटीसीझ कुठं ठेवलंय तेवढं सांगा.”