छोट्या चार सीटच्या विमानात काही झालं तर बाहेर पडायचं कसं?

बागाईतदार_दिंडोरी:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ अमेरिकेत डॅलसजवळ असतो, त्याने तिकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन काढलंय आणि आता खरड छाटणी उरकली की मे मध्ये मी तिकडे चाललोय तर म्हणतो तुला विमानातून फिरवून आणतो. क्लबचं भाड्याचं विमान, पायपर चेरोकी, एक इंजिन चार सीट. फोटो पाठवला तर दार एकच, उजवीकडे पंखावर. अहो आपल्या लाल डब्याला सुद्धा मागे संकटकालीन दरवाजा असतो!! बायको म्हणतेय बसायचंच नाही. मला बसायचंय, पण वर इंजिन बंद पडलं तर काय? पॅराशूट देतात का, उडी मारता येते का, काच फोडता येते का? भावाला विचारलं तर नुसता हसतो.

पंचवटीकर:
ओझरला सुखोई लढाऊ विमानं बनतात ना, तिथून एक वैमानिकाला बाहेर फेकणारी इजेक्शन सीट उचला आणि बॅगेत टाका. कस्टमवाल्यांना सांगा ऑफिसची खुर्ची आहे.

ओझर_निवृत्त:
हसण्यावारी नेऊ नका, मी कारखान्यात होतो म्हणून लग्नकार्यात सुद्धा लोक हे विचारतात की ती सीट सगळ्याच विमानांना का नाही लावत. सुखोईला रशियन के-३६ सीट असते, आणि ती नुसती खुर्ची नाही, दारूगोळा आहे, म्हणजे काडतुसं, रॉकेट मोटर, पॅराशूट सगळं एकत्र, आणि त्या काडतुसांचं आयुष्य ठरलेलं, तारीख संपली की बदलायची. वरची कॅनोपी, म्हणजे काचेचं झाकण, आधी उडाली पाहिजे, चेरोकीला तर डोक्यावर पत्र्याचं छप्पर. शिवाय बाहेर फेकला जाताना मणक्यावर जो दणका बसतो त्याने तरण्याताठ्या वैमानिकांचे सुद्धा मणके दबतात. आपल्यासारख्यांचं काय होईल बघा.

विंगटिप:
मी धुळ्याकडे सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन करतोय, सेसना १७२ ह्या छोट्या विमानावर. काका पहिली गोष्ट, इंजिन बंद पडलं म्हणजे विमान पडत नाही, ते घसरत घसरत खाली येतं. ह्या विमानांचा ग्लाइड साधारण नवास एक धरा, म्हणजे १ किमी उंचीवर नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या डोक्यावर इंजिन बंद पडलं आणि वारा नसला तर साधारण ९ किमी, म्हणजे नाशिकरोडपर्यंत पोचतं. तेवढ्यात पायलट मोकळं रान शोधतो. आम्हाला हेच घोकून घेतात, आधी ग्लाइडचा स्पीड पकड, मग जागा ठरव, मग बाकीचं. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात, म्हणून खांब बघायचे. नांगरलेलं शेत असेल तर सरीच्या दिशेनेच उतरायचं. आणि राग मानू नका पण द्राक्षबाग ही आमच्यासाठी सगळ्यात वाईट जागा, वरून हिरवीगार सपाट दिसते आणि आत सगळे अँगल आणि तारा.

उडी मारायचं डोक्यातून काढून टाका. अंगावर पॅराशूट घेऊन बसतात ते कसरती करणारे, आणि सेसना १५२ एरोबॅटला तर अख्खं दार सोडून देता येतं. तुमच्या चेरोकीचं दार पुढच्या बाजूला बिजागरीवर असतं त्यामुळे समोरचा वारा ते दाबून धरतो, हवेत चुकून लॅच सुटला तरी ते थोडंसंच उघडं राहतं, आवाज भयंकर येतो पण विमान उडत राहतं. तसं झालं तर ओढाताण करत बसू नका, भावाला उडवू द्या.

खरी सुटका जमिनीवर आल्यावर असते. आणि इथे गंमत अशी की पायलट बसतो डावीकडे, दार उजवीकडे, म्हणजे दाराशी तुम्ही! तुम्ही उतरल्याशिवाय तुमचा भाऊ बाहेर पडूच शकत नाही. म्हणून जमिनीवर असतानाच दार चार वेळा उघडा-बंद करून हात बसवून घ्या. त्याला दोन लॅच असतात, एक बाजूला आणि एक वर छताजवळ, नवीन माणूस बाजूचा उघडतो आणि धक्के मारत बसतो कारण वरचा तसाच लागलेला असतो.

सेसनाच्या पुस्तकात रानात उतरताना टेकण्याआधी दारं अनलॅच करा असं लिहिलेलंच आहे, कारण दणक्याने चौकट वाकली की दार जाम होतं. चेरोकीत हे कधी करायचं, कोणाच्या सांगण्यावरून करायचं, हे उडण्याआधी भावाशी बोलून ठरवा. बाहेर आलात की पंखाच्या मागच्या बाजूने उतरा, पुढे फिरणारा पंखा (प्रोपेलर) असतो. टाक्या पंखातच असतात त्यामुळे तिथे थांबू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने लांब जा.

सिडकोकर_०९:
पण अख्ख्या विमानालाच पॅराशूट असतं ना? यूट्यूबवर बघितलंय.

विंगटिप:
असतं, सिरस कंपनीच्या विमानांना. एसआर२० ला १९९८ मध्ये सर्टिफिकेट मिळालं तेव्हापासून ते कंपनीतूनच येतं. छतात लाल हँडल, ओढलं की रॉकेट पॅराशूट बाहेर खेचतं आणि विमान माणसांसकट खाली येतं. टेकतानाचा दणका साधारण ४ मीटरवरून पडल्याइतका, तो चाकं आणि सीट खातात. १७२ ला पण नंतर बसवून मिळतं पण वजन जातं, पैसे जातात आणि दर १० वर्षांनी ते पॅक करून आणायचं. आणि टेकऑफनंतर लगेच अगदी खाली असताना काही झालं तर उघडायला उंचीच नसते. सिरसमध्ये काच फोडायला हातोडी पण देतात, चेरोकीत तुम्ही भावाला मागा, लहानशी येते, पण हाताशी ठेवा, मागच्या सीटवर टाकू नका.

बागाईतदार_दिंडोरी:
बागेचं मनाला लागलं पण खरं आहे 😅 अजून एक, तो म्हणतो तळ्यावरून नेतो. पाण्यात उतरलं तर?

विंगटिप:
त्याला सांगा काठावर सहज ग्लाइड होईल एवढी उंची ठेवूनच ने, वाद संपला. तरी सांगतो, ह्या विमानांची चाकं आत जात नाहीत, ती पाण्यात अडकली की विमान उलटं होऊ शकतं. उलटं झाल्यावर वर-खाली कळत नाही, म्हणून एक हात दाराच्या चौकटीवर धरून ठेवायचा, हलणं थांबू द्यायचं, दार उघडायचं, आणि मग पट्टा सोडायचा. लोक घाबरून आधी पट्टा सोडतात, तरंगतात आणि दार सापडत नाही. लाइफ जॅकेट घातलंत तर आत फुगवू नका, बाहेर पडल्यावर फुगवा.

ओझर_निवृत्त:
पोरगा बरोबर सांगतोय. त्यात एक भर, खांद्याचा पट्टा आहे का विचारा. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या छोट्या विमानांना पुढच्या सीटसाठी तो सक्तीचा आहे, त्याआधीच्यांत असेलच असं नाही. नुसता कमरेचा असला तर डोकं सरळ डॅशबोर्डवर आपटतं, मग बेशुद्ध माणसाला दोन दारं असून काय उपयोग.

बागाईतदार_दिंडोरी:
आत्ताच विचारलं. विमान १९७४ चं निघालं. पट्टा आहे का तर म्हणे बघून सांगतो.

ओझर_निवृत्त:
बघून सांगतो म्हणजे? मग स्वतः आजवर काय लावून उडत होता ते पण विचारा. नसेल तर क्लबकडून दुसरं विमान घ्यायला सांगा.