मुलगी इंग्लिश फडाफडा वाचते पण मराठीत अडखळते, रोज काय वाचून घ्यायचं?

ठाणेकर_आई:
नमस्कार मंडळी. मुलगी तिसरीत, इंग्लिश मीडियम. घरात आम्ही मराठीच बोलतो त्यामुळे बोलण्यात कुणाला ऐकत नाही, आजीशी भांडते ते पण मराठीतच. पण पुस्तक समोर आलं की क... र... व... त असं सुटं सुटं वाचते आणि वाक्य संपेपर्यंत सुरुवात काय होती तेच विसरते. शाळेत मराठीचा तास म्हणजे प्रश्नोत्तरं पाठ करणं. रात्री बसवलं की लगेच "आई तूच वाच ना". किती वेळ बसवू, काय वाचून घेऊ?

निवृत्त_मास्तर:
ताई, बोलणं पक्कं आहे म्हणजे अर्धं काम झालंय. शब्द कानाला माहीत आहे, डोळ्याला अजून नाही एवढंच. आधी ती नेमकी कुठे थांबते ते बघा. बहुतेक जोडाक्षरावर नाहीतर पहिल्या वेलांटीवर, कारण ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चार मात्र नंतर. आणि र! सूर्य, प्राणी, ट्रक, दऱ्या, चारही शब्दांत र वेगळा दिसतो, पोरं गोंधळणारच. तिसरीचं पुस्तक बाजूला ठेवा, पहिली-दुसरीचं बालभारती घ्या, साइटवर पीडीएफ फुकट मिळतं. रोज दहाएक ओळी बास. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा, मग दोघी मिळून, मग ती एकटी. तोच उतारा तीन-चार दिवस चालू ठेवा. पाठ झाला तर होऊ दे, फक्त मधलाच एखादा शब्द दाखवून विचारा हा काय आहे, म्हणजे वाचतेय की घोकतेय ते कळेल.

चहाबाज:
मास्तर पद्धत मान्य पण बालभारती नको हो, पोरीला वाटेल परत अभ्यास. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची साइट बघा, फुकट आहे, गोष्टींना चार लेव्हल आहेत आणि बऱ्याच गोष्टी मराठी इंग्लिश दोन्हीत सापडतात. आमच्याकडे आधी इंग्लिशमधून वाचायची मग तीच मराठीत, गोष्ट माहीत असल्यामुळे पुढचा शब्द अंदाजाने येतो आणि वेग आपोआप वाढतो. लेव्हल एकपासूनच सुरू करा, तिसरीत आहे म्हणून उगाच तीनवर उडी नको. आणि काही भाषांतरं फार पुस्तकी असतात, आधी स्वतः चाळून घ्या.

जर्सीवाला:
आमचं उलटं आहे, इथे अमेरिकेत पोरांच्या कानावरच मराठी कमी पडतं. चाक आणि चार मधला च एकच दिसतो पण उच्चार दोन, शब्द ऐकलेलाच नसेल तर पोरगं कसं ओळखणार? रविवारच्या मराठी शाळेत अक्षरं येतात पण वाचायचा वेग तेवढ्याने येत नाही. म्हणून आमची सकाळ म्हणजे आजीची संध्याकाळ तेव्हा व्हिडिओ कॉलवर मुलगा तिला एक पान वाचून दाखवतो. आजी मध्ये टोकत नाही हा मोठा फायदा, मी असलो की टोकतोच 😅

ठाणेकर_आई:
मग चुकली तर थांबवायचं की नाही? मी तर प्रत्येक शब्दाला थांबवते.

निवृत्त_मास्तर:
वाक्य पूर्ण होऊ द्या. अडली तर मनात पाचपर्यंत मोजा, नाहीच जमलं तर शब्द सांगून पुढे चला, फोड करत बसू नका. ऱ्हस्व-दीर्घ आत्ता सोडून द्या. अर्थ बदलला तरच परत वाचायला सांगा. आणि कंटाळायच्या आधीच पुस्तक मिटा, दहा मिनिटं पुष्कळ झाली, पण रोज.

चहाबाज:
अजून एक, बालभारतीचंच किशोर मासिक, १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. (हो मास्तर, बालभारतीचंच, हसू नका.) त्यातल्या गोष्टी तिला आत्ता लांब पडतील, विनोद आणि कोडी द्या. कोडं बाबांना घालायचं असेल तर आधी नीट वाचावं लागतंच.